फांद्यांच्या दोन ओळी

मुलांनो, एक गोठलेलं तळं डोळ्यांसमोर आणा. कॅनडाच्या पार उत्तरेतलं, इतकं मोठं की पलीकडचा काठ काळ्या दोऱ्याएवढा दिसावा. आता त्या बर्फावर स्प्रूसच्या झाडाच्या हिरव्या फांद्या रोवा, लांबच लांब दोन ओळी. ओळींच्या मध्ये बर्फ पक्का, विमान उतरलं तरी पेलेल. ओळींबाहेर खात्री नाही. दिसतंय? मग ओळीच्या टोकाशी नाक पुसत उभी असलेली टॅबिथाही दिसेल. फांद्या तिनेच लावल्या आहेत.

बर्फ कुठे पक्का हे तिचे आजोबा सांगत. ते पहार आपटून आवाज ऐकत. त्यांनी मान हलवली की टॅबिथा तिथे फांदी रोवी आणि बुडाशी पाणी ओती. पाणी गोठलं की फांदी वाऱ्यालाही हलत नसे. त्या क्री आदिवासींच्या वस्तीत लोक कशाचीही थट्टा करत, म्हाताऱ्यांच्या उरलेल्या दातांचीसुद्धा. बर्फाची थट्टा कुणी करत नसे. बर्फाबद्दल खोटं बोलणारा माणूस तिथे कुणी पाहिला नव्हता.

फांद्यांमधून विमान उतरवणाऱ्या पाद्र्याला सगळे लांबढांग्या म्हणत, तेही तोंडावर. तो हसे. त्याला क्री भाषा येत होती. आजोबांना टॅबिथा मोशुम म्हणे, तसा तोही मोशुमच म्हणे, आणि त्यांच्या घरी उकडलेला मासा बोटं चाटून खाई. पानगळीच्या दिवसांत त्याने विचारलं होतं, टॅबिथाच्या धाकट्या भावाला, सायलसला, दक्षिणेतल्या मोठ्या निवासी शाळेत धाडता का. आजोबा नको म्हणाले. आईबाप शिकारीला दूर रानात, पोर लहान, ते आपल्याच माणसांत राहू दे. पाद्री म्हणाला होता, "तुमचा शब्द शेवटचा, मोशुम." मग त्याने विषय काढला नव्हता.

प्रार्थना न अडखळता म्हणणाऱ्या मुलाला तो विमानातून एक फेरी देई. बेटाला वळसा आणि परत. गेल्या खेपेला टॅबिथाला मिळाली होती. या खेपेला तिने सायलसकडून तयारी करून घेतली. ससे सोलताना, सरपण आणताना, झोपायच्या आधी. अडखळला की ती त्याच्या टोपीचा गोंडा ओढी.

आज सायलसने एका दमात प्रार्थना म्हटली. पाद्र्याने त्याला खांद्यावर घेतलं. वर गारठा असतो, म्हणाला, जाड कोट घाला, नवे बूट घाला. बुटांचे बंद टॅबिथानेच बांधले.

"वरून थुंकलो तर खाली येईस्तोवर गोठेल का गं?" सायलसने विचारलं.

"खिडकी उघडत नाही, येड्या. तुझ्याच नाकावर गोठेल."

विमान ओळींमधून धावलं आणि उचललं गेलं. आजोबांनी पाद्र्याच्या चहासाठी काठावरच्या शेकोटीवर किटली ठेवली. टॅबिथा हात हलवत राहिली. विमान बेटापाशी पोचलं. इथेच पंख कलतो आणि आपण किंचाळतो, हे तिला माहीत होतं.

पंख कलला नाही.

"वारा असेल," आजोबा म्हणाले. "लांबून वळत असेल."

टॅबिथाने घराकडे पाहिलं. धुराड्यातून धूर सरळ वर चालला होता. मग तिला बर्फावर ठेवलेलं पिठाचं पोतं दिसलं. एरवी फेरी झाल्यावर, चहा पिऊन, पाद्री ते उतरवी. आज ते आधीच उतरवलं होतं. शेजारी चहापत्ती होती, मुरंब्याचा डबाही होता.

आजोबांनीही ते पाहिलं. दक्षिणेकडचा आवाज डासाएवढा झाला, मग तोही राहिला नाही.

"मी त्याला बर्फाबद्दल खरं तेच सांगत आलो," आजोबा म्हणाले. "दर खेपेला."

प्रार्थना टॅबिथाने शिकवली होती. बंद तिने बांधले होते, दुहेरी गाठ मारून.

ती ओळीपाशी गेली. शेवटच्या फांदीला लाथा घातल्या, हिसके दिले, ती उपटून काढली. तळ्याला नदी मिळते तिथे खालून पाणी वाहतं, बर्फ पापुद्र्यासारखा असतो. तिकडे ती फांदी ओढत निघाली. आजोबा बघत होते. तिथे फांद्या रोवल्या तर पाद्री विमान तिथेच उतरवेल, हे त्यांनाही कळलं होतं. त्यांनी हाक मारली नाही.

बर्फ काळसर दिसू लागला तिथे ती थांबली. फांदी रोवायला उभी केली आणि दक्षिणेकडे पाहिलं.

"मोशुम," तिथूनच तिने विचारलं, "सायलस परत कशातून येणार?"

तिथे दुसरं कुठलं विमान येत नव्हतं.

टॅबिथा फांदी ओढत परत आली. जुन्याच भोकात ती उभी केली, भोवती बर्फ लोटून बुटाने दाबला. मग शेकोटीवरची किटली उचलली आणि पाद्र्याच्या चहाचं सगळं पाणी फांदीच्या बुडाशी ओतलं. ते गोठेपर्यंत ती फांदी सरळ धरून उभी राहिली.