गुलाबतोडणी आणि झ्लातिनाचे खाडे

बल्गेरियातल्या आमच्या कझानलाकला मे महिन्यात मळेवाल्यांचं सगळं घर गुलाब तोडायला जातं. उन्हं चढली की फुलांतलं अत्तर उडतं, म्हणून आमच्या वर्गातली झ्लातिना पहाटेपासून मळ्यात आणि शाळेत खाडे. आता आणखी एक खाडा झाला की तिचं वर्ष वाया जाणार होतं. मग मीच अख्खा वर्ग पहाटे तिच्या मळ्यात नेला.

"काकू, हिला शाळेत पाठवा. फुलं आम्ही तोडतो."

काकूंनी आमचे हात बघितले, हसल्या आणि टोपल्या दिल्या. झ्लातिना गेली. काट्यांनी आमची बोटं सोलली, शाळेची वेळ टळली, तरी फुलं संपेनात.

दुपारी ती दप्तर आपटतच आली.

"उद्या मुकाट्याने शाळेत या सगळे. वर्गात मी एकटीच. बाईंनी दिवसभर मलाच प्रश्न विचारले."