कंदासकट

वनस्पतींच्या नमुन्यांची अदलाबदल करताना शिंत्रेने दिलेली वर्तमानपत्राची घडी गावंडेने कातळाच्या सड्यावरच उघडली. आत दाबून वाळवलेलं कंदीलपुष्प होतं, कंदासकट. इतक्या वर्षांत दोघांना इथे तेवढं एकच रोप सापडलं होतं.

"कंद का उपटलास?"

"कंदाशिवाय नमुना अपुरा," शिंत्रे म्हणाला.

गावंडेने त्याच्या तोंडावर ठोसा हाणला. शिंत्रे गवतात आडवा झाला, तरी गावंडे छातीवर बसून ओठ फाटेपर्यंत त्याला बुकलत राहिला.

"गुडघा उचल," शिंत्रे खालून पुटपुटला.

गावंडेने उचलला. गुडघ्याखाली दुसरं कंदीलपुष्प होतं, फुलासकट चिरडलेलं. सड्याच्या पातळ मातीत त्याचा कंदही फुटला होता.

शिंत्रे रक्त थुंकला. मग त्याने नमुन्याच्या नोंदीचा कोरा कागद पुढे केला. "दाबून झालंच आहे. गोळा करणारा म्हणून तुझं नाव लिही."