विषयाच्या बाजूने एकटी

विषयाच्या बाजूने बोलणाऱ्या पाच जणांपैकी चौघांनी सकाळीच नावं मागे घेतली. पालघरच्या त्या कॉलेजात वादविवादाचा विषय होता, ‘आजच्या नेत्यांना फॅसिस्ट म्हणणं योग्य आहे’. आणि पाहुणे म्हणून येणार होते जिल्ह्यातले सर्वांत वजनदार नेते, दादा.

“तू मात्र माघार घेऊ नकोस,” स्पर्धेची तयारी करून घेणाऱ्या स्नेहा मॅडम उरलेल्या हेमालीला म्हणाल्या. तिला धीर आला.

आधी विरोधी बाजूचा भाग्येश बोलला. “जो निवडणुकीत पडू शकतो, तो फॅसिस्ट कसा? उठसूट वापरला तर शब्दच बोथट होतो.” मुद्दा बिनतोड होता. हेमालीलाही तो पटला.

ती उठली. पहिल्याच रांगेत दादा हाताची घडी घालून बसले होते.

“शब्द जपून वापरावा, हे मान्य,” ती म्हणाली. “पण विरोधकांना तुरुंगात डांबणारा, रोज नवा शत्रू दाखवणारा, माझ्यावर टीका म्हणजे देशावर टीका असं सांगणारा नेता दिसला, तर त्याला काय म्हणायचं? या बाजूने आज पाच जण बोलणार होते. मी एकटी उभी आहे. बाकीचे चौघे कोणाला घाबरले?”

दादा उठले, थेट मंचावर आले. “मी तसा असतो, तर ही पोरगी इथे बोलू शकली असती का?” म्हणत त्यांनीच पहिली टाळी वाजवली. मग सगळं सभागृह उठलं. परीक्षकांनी तिथल्या तिथे निकाल सांगितला. पहिलं बक्षीस हेमालीचं! दादांनी ट्रॉफीची बंद मखमली पेटी तिच्या हाती दिली. भाग्येशनेसुद्धा येऊन हात मिळवला.

घरी जाताना सातपाटीच्या एसटीत ती हवेतच होती. तिच्या बोलण्याने एवढा मोठा माणूस जागचा उठला होता! आईनेच उघडावी म्हणून पेटी तिने बंदच ठेवली.

तिची आई काशीबाई नुकतीच मासळी विकून आली होती. “माजी पोर घाबरली नाय!” तिने शेजारणींना हाका मारमारून सांगितलं. मग हात स्वच्छ धुऊन पेटी उघडली आणि ट्रॉफीच्या पितळी पट्टीवरून बोट फिरवत एकेक अक्षर लावलं. ‘प्रथम क्रमांक. हेमाली तांडेल.’

“निकाल आजच लागला ना गो?” तिने विचारलं. “मग तुजं नाव यांनी कवा कोरलं?”