बेचाळिसावं टिपण

चूक कुठे पेरायची, हे आज काही केल्या तिला सुचत नव्हतं.

रविवारची दुपार होती. जेवणाच्या टेबलावर तिचा जुना लॅपटॉप घरघरत होता आणि टिपण जवळजवळ लिहून झालं होतं. कॉलेजातल्या बाकीच्यांना नवनवी ॲप करायची हौस. हिला मात्र मशीन मुळापासून जागं कसं होतं, याचं खूळ. स्वतःची एक चिमुकली ऑपरेटिंग सिस्टिम ती पहिल्या ओळीपासून लिहीत होती. आठवडाभर डोकं फोडून जे कळेल, ते दर रविवारी वेबसाइटवर टाकायची. वाचणारे तीसेक जण, तेही परीक्षा तोंडावर आली की.

प्रत्येक टिपणात ती एक चूक मुद्दाम ठेवायची. बेमालूम, जाणकारालाच दिसेल अशी. बुधवारी स्वतःच दुरुस्त करायची, उगाच कुणा बिचाऱ्याचं नुकसान नको.

हा सगळा खटाटोप दादासाठी होता. हे खूळ तिच्या डोक्यात भरवलं त्यानेच, वेबसाइटही त्यानेच काढून दिलेली. चुकीची ओळ दिसली की त्याला राहवत नसे. दुकानांच्या पाट्यासुद्धा सुधारायला निघायचा. दीड वर्षापूर्वी त्याने चार पाहुण्यांसमोर बाबांना टोकलं. बाबा कडाडले, "दुसऱ्याच्या चुका काढण्यापलीकडे तुला येतं काय?" दादा ताटावरून उठला, बॅग भरली आणि गेला. नंबर बदलला. बाबांनी तेव्हापासून त्याचं नाव काढलं नाही, पण टेबलाजवळची त्याची खुर्चीही कुणाला हलवू दिली नाही.

कुठेही असला तरी तो हे वाचेल, असं तिला वाटलं होतं. वाचलं की गप्प बसणं त्याच्या बापजन्मात जमायचं नाही. एकेचाळीस रविवार झाले, एकेचाळीस चुका झाल्या. दोघा पोरांनी तर नेमक्या चुकलेल्या ओळीखाली 'ताई, काय सोपं करून सांगितलंत!' असं लिहिलं होतं. त्या दिवशी तिला हसावं की रडावं ते कळेना.

"आलं का गं काही?" आईने आतून विचारलं. दर रविवारी विचारायची.

"नाही."

आई हात पुसत दारात येऊन उभी राहिली. "चुका काढणं सोडलं असेल त्याने. मनाला लागलंय त्याच्या."

"आई, मी दमले आता. आजचं शेवटचं."

आई नुसती मान हलवून आत गेली.

खरंच दमली होती ती. डोळे चुरचुरत होते, मानेला रग लागली होती. त्याहून जास्त वाट बघण्याने जीव मेटाकुटीला आला होता. आजचा विषय साधा होता: मेमरीतले पाचशे बारा खण एकामागून एक पुसून मोकळे कसे करायचे. जाऊ दे, म्हणाली ती. शेवटचं टिपण तरी सरळ असू दे. तिने चूक न घालताच ते टाकून दिलं आणि टेबलावर डोकं टेकलं.

अर्ध्या तासाने लॅपटॉप टिंग वाजला. टिपणाखाली कुणीतरी लिहिलं होतं. नावाची जागा रिकामी.

'ओळ सतरा. मोजणी शून्यापासून, म्हणजे शेवटचा खण पाचशे अकरा नंबरचा. पाचशे बारापर्यंत जाऊन तू एक खण जास्त पुसतेयस.'

तिने टिपणात वर जाऊन सतरावी ओळ पाहिली. खरंच चुकली होती. पहिल्याच दिवशी शिकलेली गोष्ट, आणि तीच चुकली! कान गरम झाले तिचे. आज तर चूक घातलीच नव्हती. मग तिने तो शेरा पुन्हा वाचला; असं टोकणारा एकच. आईला हाक मारायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात खाली आणखी एक ओळ उमटली.

'आधीच्या एकेचाळीस तू मुद्दाम केल्या होत्यास, म्हणून गप्प होतो. ही खरी आहे. फार दमलीस का गं?'