कोळीवाड्याचं रक्त

सत्त्याऐंशी साली डॉक्टर ठाण्याला आमच्या कोळीवाड्यात आलेले. "तुमची लग्नं आपसातच होतात, म्हणून तुमच्या रक्ताचा अभ्यास करायचाय," म्हणाले. म्हाताऱ्याकोताऱ्यांनीसुद्धा हात पुढे केले.

सहा वर्षांनी माझ्या पोरीला, सगुणाला ब्लड कॅन्सर झाला. तिच्या भावाचा बोनमॅरो जुळला नाही. तेच डॉक्टर म्हणाले, "तुमच्या समाजात कोणाचा तरी जुळू शकेल. शोधा."

"मी काय शोधू, साहेब? आख्खा कोळीवाडा तुमी तपासलाय. कोणाचा जुळतो, त्याचं नाव सांगा."

"नावं घेतली नव्हती. अभ्यासाला नावं लागत नाहीत."

मी टेबलावर हात आपटला. "खोटं नका बोलू. प्रत्येक नळीवर इंग्लिशमध्ये कायतरी लिहिलेलं, मी तिथेच उभा होतो. ते काय होतं मग?"

"जात," डॉक्टर म्हणाले.