माहेरचं बाळंतपण

योगेशने बहिणीची बॅग ऑटोतून उतरवली, तशी त्याची माय, पार्बताबाई, दारात येऊन आडवी उभी राहिली. दोन्ही हात चौकटीला.

"आत नको येऊ, मोना. आल्या पावली वापस जाय."

मोनालीला वाटलं, माय थट्टा करते आहे. सातव्या महिन्याची ओटी भरून, हिरवी साडी नेसून पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. माय भाकरतुकडा ओवाळून टाकेल म्हणून ती पायरीशी थांबली. माय जागची हलेना.

"काहून वो माय? माझं काय चुकलं?"

"तुहं काई नाई चुकलं. ते पाय." पार्बताबाईने हनुवटीनेच वावरापलीकडचं वीज कारखान्याचं धुराडं दाखवलं. "मोर्शीले सासूजवळ हो बाळंत. मी येतो तिथं, रात्रंदिवस राबतो. पण इथं नाई."

समोरच्या ओट्यावरून पुंजाजी बोललाच, "मायच लेकीले हाकलून राहिली. काय जमाना आला बाप्पा."

लोक तोंडात शेण घालतील, हे काय पार्बताबाईला कळत नव्हतं? पण वावरातल्या मेथीवर रोज राख बसते, ती दोन पाण्यांनी धुतली की निघते. पोटातल्या लेकराला कोण धुणार? पहिला नातू जन्मला तो रडलाच नाही. दुसरा आत सुनेच्या मांडीवर आहे, इवलासा, अन् सारं घर जीव मुठीत धरून त्याचा श्वास ऐकत बसतं.

मोनाली रडायला लागली. तेवढ्या वेळात तिच्या हिरव्या पदरावर बारीक राख बसली होती. पार्बताबाईने एक हात सोडून ती झटकली आणि हात परत चौकटीला लावला.

"जाय वो बाई. पाया पडतो तुह्या."

मागून सून आली. खुशी. पोराला छातीशी धरून. तिचा आवाज जरासुद्धा चढला नाही.

"बरं केलं आई, मोनाताईले अडवलं ते. मले मात्र याच दारात माप ठेवून आत घेतलं तुमी. तवाबी राख पडतच होती न?"

पार्बताबाईचे हात चौकटीवरून गळाले. दार आता मोकळं होतं. योगेशने बॅग उचलली, आणि बहिणीकडे पाहावं की बायकोकडे, ते न कळून तो तिथंच उभा राहिला.