इसहाकची आई

तिसरा दिवस उजाडला तरी मोठ्या सिस्टरने स्वतःच्या बाळाच्या पाळण्यावरचं नावाचं कार्ड कोरंच ठेवलं होतं. प्रसूतीच्या वॉर्डात तीस वर्षं काढलेली बाई. समोरून येणारीची नुसती चाल बघून कितवा महिना ते सांगायची. आणि एकोणपन्नासाव्या वर्षी स्वतःचं पोट वाढायला लागलं, तेव्हा पाळी जायचं वय झालं, पोटात वारा धरलाय, म्हणून पाच महिने पाचक गोळ्या खात बसली. वॉर्डातल्या नर्स पोरींना हसू आवरेना. आत्ताही तिच्या खाटेच्या पडद्यापलीकडे खुसखुस चालू होती, आणि ती तिला चांगलीच झोंबत होती.

नवरा घड्याळं दुरुस्त करणारा, मुलखाचा अबोल. त्याने खिशातून चिठ्ठी काढून पुढे केली. त्यावर एकच नाव होतं, इसहाक. जुनं हिब्रू नाव आहे, म्हणाला, अर्थ ‘तो हसतो’.

सिस्टरचा पारा चढला. आधीच वॉर्डभर शोभा झाली, आता पोराच्या कपाळीही तेच लिहायचं का, असं तिने विचारलं. रजा संपली की याच पोरींवर तिला हुकूम सोडायचे होते. कोण ऐकणार होतं?

नवरा सांगत राहिला. हे नाव पहिल्यांदा ज्याचं ठेवलं, त्याची आई नव्वदीची. तिला मूल होणार असा देवाचा निरोप आला, तेव्हा तंबूच्या दाराआड उभी राहून ती हसली. विचारलं तर कबूल होईना. मूल झाल्यावर मात्र म्हणाली, आता ऐकणारा प्रत्येक जण माझ्यासोबत हसेल.

“सोनोग्राफीच्या टेबलावर तूही हसली होतीस,” तो म्हणाला.

“मी कुठं हसले? रडत होते मी.”

“आधी हसलीस. मग रडलीस.”

सिस्टर बाळाकडे बघत राहिली. नाक थेट बापाचं. एवढा आनंद झाला होता आणि तीन दिवस आपण तो लाजेखाली दडपून बसलो, हे तिला आत्ता कळलं. तिने पेन मागून घेतलं आणि कार्डावर ठळक अक्षरांत नाव लिहिलं. मग ड्यूटीवरचा आवाज काढला.

“पडद्यामागच्या सगळ्या आत या. हसायचंय ना? मग इथं, माझ्यासमोर हसा.”

पोरी माना खाली घालून ओळीने उभ्या राहिल्या. एकीचीही छाती होईना. शेवटी पहिली हसली ती मोठी सिस्टरच, पोटावरचे टाके दोन्ही हातांनी धरून.